आंधळ्या उड्डाणाची परीक्षा : नागपूरच्या टपाल-विमानांपासून भिलाईतल्या टेबलापर्यंत

३० जानेवारी १९४९ रोजी भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा अंधारात शिरत. रफी अहमद किडवाई त्या वेळी दळणवळणमंत्री होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधे पत्रसुद्धा जादा शुल्काशिवाय विमानाने जाऊ लागले. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाचले जाई आणि वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटेनासे झाले होते. मधल्या रात्री ते कोणी, कशाच्या आधाराने वाहून आणले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नसे.

नकाशावर कलकत्ता ते नागपूर सरळ रेघ ओढली, तर ती आजच्या भिलाईच्या थोड्या उत्तरेकडून जाते. १९४९ साली भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले एक लहानसे खेडे होते. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी झालेला करार १९५५ चा, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. त्याआधी या पट्ट्यावरून रात्री जाणाऱ्या वैमानिकाला खाली भातशेती आणि जंगल यांचा एकसंध काळोख, आणि पावसाळ्यात वर ढगांचा दुसरा काळोख. या दोन्हींच्या मध्ये क्षितिज नावाची गोष्टच उरत नसे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची-मुंबई टपाल आणले ते दिवसाउजेडी, जमिनीकडे पाहत, रेडिओविना. त्यानंतर अवघ्या १७ वर्षांत टपालाचे वैमानिक खिडकीकडे न पाहता उडू लागले होते. त्यांच्यासमोर डायल होते, आणि कानात रेडिओची खरखर.

आज त्याच भिलाईत घरातल्या टेबलावर संगणक, एक जॉयस्टिक आणि पायांखाली दोन पेडल मांडून ही विद्या गिरवता येते. पडद्यावर रायपूरचे माना विमानतळ असते. भिलाईपासून ते खरोखरच चाळीसेक किलोमीटरवर आहे. परंतु पडद्यावर ते दिसत नाही, कारण हवामान मुद्दाम बिघडवलेले असते आणि समोर नुसता राखाडी रंग असतो. रेडिओ-दीपावर पोहोचायचे, तिथे अंडाकृती मार्गाने घिरट्या घालत थांबायचे, प्रत्येक सरळ बाजू एका मिनिटाची ठेवायची, वारा किती ढकलतो आहे हे मनात मोजून दिशा सुधारायची. मग तीन अंशांच्या उतारावरून, दोन सुया मध्यावर धरून खाली यायचे. जमिनीपासून २०० फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचे, न दिसल्यास त्याच क्षणी वर निघायचे. ‘अजून थोडे खाली जाऊन पाहू’ ही मुभा नाही. अमेरिकेत उपकरण-उड्डाणाच्या खऱ्या परीक्षेत उंची १०० फुटांच्या आणि दिशा १० अंशांच्या आत राखावी लागते. हौशी मंडळीही स्वतःला हेच माप लावतात. २००१ पासून चालू असलेल्या व्हॅटसिमसारख्या जाळ्यांवर तर नियंत्रकाच्या जागी दुसऱ्या टोकाला खरा माणूस बसलेला असतो. तो सूचना देतो, त्या शब्दशः परत म्हणून दाखवाव्या लागतात, आणि चुकलेले उत्तर तो ऐकून घेत नाही. अशी परीक्षा एका बैठकीत उत्तीर्ण होणारे थोडेच.

घरच्यांना हा खेळ वाटतो. त्यात नवल नाही. पण या विद्येचा इतिहास पाहिला, तर खेळ आणि प्रशिक्षण यांच्यातली भिंत पहिल्यापासूनच कच्ची होती असे दिसते. आणि या परीक्षेत नेमके काय सिद्ध होते, हेही त्या इतिहासातूनच उलगडते.

सुरुवात एका खुर्चीपासून झाली. विल्यम ऑकर हा अमेरिकी लष्करातला जुना वैमानिक. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे वैद्यकीय तपासणीत डेव्हिड मायर्स या डॉक्टरांनी त्याला फिरत्या खुर्चीवर बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि खुर्ची फिरवली. कोणत्या दिशेने फिरतो आहेस, एवढाच प्रश्न होता. आरंभी ऑकरची उत्तरे बरोबर आली. खुर्चीचा वेग स्थिर झाल्यावर त्याला आपण थांबलो आहोत असे वाटू लागले. खुर्ची खरोखर थांबली, तेव्हा तो उलट दिशेने फिरत असल्याचे सांगू लागला. अनेक वर्षे उडालेल्या माणसाला हे झोंबले. पुढच्या खेपेस तो एक बंद पेटी घेऊन आला. तिच्यात वळण दाखवणारे जायरोस्कोपचे उपकरण आणि एक टॉर्च होती. पेटीला डोळे लावून त्याने प्रत्येक प्रश्नाचे अचूक उत्तर दिले.

दोष ऑकरचा नव्हता. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाची सुरुवात आणि शेवट एवढेच ओळखतो. एकसारखे वळण वीसेक सेकंद चालू राहिले की द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला ‘सर्व स्थिर आहे’ असा निरोप जातो. त्यातच, नीट घेतलेल्या वळणात माणूस आसनावर सरळच दाबला जातो. विमान तिरके असूनही कपातला चहा सांडत नाही. म्हणजे कान आणि बैठक हे दोन्ही साक्षीदार एकाच वेळी खोटी साक्ष देतात, तीही पूर्ण प्रामाणिकपणे. ढगात शिरलेला वैमानिक नकळत वळू लागतो, नाक खाली जाते, वेग वाढतो. तो आपण सरळ आहोत असे समजून नाक वर ओढतो, आणि त्याने वळण आणखी आवळत जाते. कितीतरी टपाल-वैमानिक याच रीतीने गेले. त्यांच्या इंजिनात बिघाड नव्हता, आणि शेवटच्या क्षणापर्यंत आपले विमान ठीक चालले आहे अशीच त्यांची समजूत असावी.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल या वैमानिकाने कापडी छताखाली स्वतःला कोंडून घेतले. विमान उडवले, ठरलेल्या मार्गाने फिरवले आणि परत उतरवले. बाहेरचे काहीही न पाहता, सुमारे १५ मिनिटांत. पुढच्या आसनावर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक सावधगिरी म्हणून होता; नियंत्रणाला त्याने हात लावला नाही. या उड्डाणामागे तीन नवी साधने होती : स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज, तिचाच दिशादर्शक जायरो, आणि पॉल कोल्समन यांचा काही फुटांचा फरक दाखवणारा उंचीमापक. साधने तयार झाली. अडचण होती ती माणसाला त्यांच्यावर विसंबायला शिकवण्याची, कारण त्यासाठी त्याला आधी स्वतःवर अविश्वास ठेवायला शिकवावे लागणार होते.

तो मार्ग पेटी-वाद्यांच्या कारखान्यातून आला, हा या इतिहासातला सर्वांत मजेचा भाग. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मुलाला उडण्याचे वेड, आणि विमानाचे भाडे परवडेना. त्याने ऑर्गनचे भाते घेतले, त्यांवर आखूड पंखांचे लाकडी विमान बसवले. आपल्याकडच्या बाजाच्या पेटीत जो भाता सूर काढतो, त्याच तत्त्वाचा भाता इथे विमान कलंडवू लागला. १९२९ मध्ये यंत्र तयार झाले, १९३१ मध्ये पेटंट मिळाले. विमान-शाळांनी मात्र त्याकडे पाहून मान फिरवली. मग ते गेले कुठे, तर जत्रेत. करमणुकीच्या बागांमध्ये नाणे टाकून बसायचा खेळ म्हणून लिंकची यंत्रे खपली. पुढे त्याने त्यात डायल बसवले आणि वर झाकण लावून आतल्याला अंधारात कोंडले. तेव्हाही गिऱ्हाईक फारसे आले नाही.

गिऱ्हाईक आणले ते प्रेतांनी. फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांचे हवाई टपालाचे ठेके रद्द करून ते काम लष्कराकडे सोपवले. लष्करी वैमानिक शूर होते, पण बहुतेकांना ढगात आणि रात्री उपकरणांवर उडण्याचा सराव नव्हता. हिवाळा कडक होता. काही महिन्यांत अपघातांची रांग लागली आणि डझनभर माणसे मेली. त्याच काळात लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी लिंक स्वतः विमान चालवत धुक्यातून न्यूअर्कला उतरला. एवढ्या धुक्यात कोणी येणार नाही असे धरून अधिकारी परतायच्या बेतात होते म्हणतात. लष्कराने ३,५०० डॉलरला एक या भावाने सहा यंत्रे घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जगभरातल्या वैमानिकांच्या पिढीने या निळ्या पेटीत घाम गाळला.

लिंकच्या यंत्रातली एक वस्तू ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर नकाशा असे आणि त्यावर तीन चाकांचे एक लहान उपकरण सरकत असे. त्याला ‘खेकडा’ म्हणत. आतला विद्यार्थी जिकडे ‘उडेल’ तिकडे तो शाईची रेघ ओढत जाई. झाकण उघडून बाहेर आलेल्या विद्यार्थ्याला आपण कुठे भरकटलो हे त्या रेघेवर पाहावे लागे, आणि तिच्याशी वाद घालता येत नसे. भिलाईतल्या संगणकावर उड्डाण संपल्यावर उमटणारी रंगीत रेषा ही त्या खेकड्याचीच नात.

पुढचे तीन धागे योगायोगाने अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठात, इलिनॉय येथे जुळतात. १९५४ मध्ये तिथल्या संशोधकांनी उपकरण-उड्डाण न शिकलेले २० शिकाऊ वैमानिक घेतले, त्यांना खऱ्या विमानात बसवले आणि बाहेरचे दृश्य झाकले. वीसही जणांचा ताबा सुटला. १९ जण आवळत जाणाऱ्या घातक वळणात सापडले. सरासरी वेळ भरली १७८ सेकंद. तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी! सर्वांत लवकर हरलेला अवघ्या २० सेकंदांत हरला. हा आकडा आजही वैमानिकांच्या शाळांत सांगितला जातो. त्याच्या पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. त्याच विद्यार्थ्यांना ढगातून मागे फिरून बाहेर पडण्याची एक साधी पद्धत शिकवल्यावर जवळपास सर्वांना ती जमली. थोड्या, पण नेमक्या शिकवणीने एवढा फरक पडतो.

त्याच विद्यापीठात १९७५ मध्ये ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे हलते चित्र उभे करण्यावर पदव्युत्तर प्रबंध लिहिला. १९८० मध्ये त्याचा कार्यक्रम ॲपल संगणकावर आला, आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने घराघरांत पोहोचू लागला. रेघांचे डोंगर, रेघांची धावपट्टी, पण डायल खरे. दशकभराने ऑस्टिन मेयर या वैमानिक-अभियंत्याला उपकरण-उड्डाणाचा सुटलेला सराव भरून काढण्यासाठी मनाजोगते साधन मिळेना, म्हणून त्याने स्वतःच एक कार्यक्रम लिहिला. तोच १९९५ मध्ये एक्स-प्लेन म्हणून बाजारात आला. हौशी लोक आज ज्याला खेळ म्हणून विकत घेतात, तो मुळात एका माणसाचा गृहपाठ होता.

तिसरा धागा मोजमापाचा. १९९० च्या दशकात इलिनॉयच्याच संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट पाडून घरगुती संगणकावरच्या सरावाचा खऱ्या विमानात किती उपयोग होतो हे तपासले. नवीन कसब पहिल्यांदा शिकताना संगणकाने विमानातला वेळ वाचवला. आधीच शिकलेल्याच्या उजळणीत मात्र फायदा कमी निघाला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने मान्यताप्राप्त संगणक-साधनावरचे १० तास उपकरण-परवान्यासाठी धरण्यास परवानगी दिली. जत्रेतले खेळणे पुन्हा एकदा शाळेत आले.

मग घरातली परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे काय? याचे उत्तर शोधताना मुंबईच्या समुद्रापाशी थांबणे भाग आहे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले. एअर इंडियाच्या ताफ्यातले हे पहिले जम्बो. विमानात २१३ माणसे होती. किनारा ओलांडताच शहराचे दिवे मागे पडले आणि समोर अरबी समुद्राचा काळोख आला, क्षितिजाविना. विमानाने उजवे वळण घेतले आणि पुन्हा सरळ झाले. परंतु मुख्य वैमानिकासमोरचे क्षितिज-उपकरण बिघडले होते. ते विमान अजून उजवीकडेच कलले आहे असे दाखवत राहिले. त्याने विमान डावीकडे झुकवले, आणि झुकवतच नेले. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे ते समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही. बिघडलेले उपकरण ओळखून उरलेल्या उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

‘शरीरावर नको, उपकरणावर विश्वास ठेव’ हे पहिल्या धड्याचे वाक्य इथे अपुरे पडते. त्या रात्री वैमानिकाने उपकरणावरच विश्वास ठेवला होता. खरे कसब एका डायलवर विसंबण्याचे नसून सगळ्या डायलांची एकमेकांविरुद्ध उलटतपासणी घेण्याचे आहे. क्षितिज डावीकडे कलले म्हणते, तर वळणदर्शकही डावे वळण दाखवतो का? दिशा बदलते आहे का? उंची आणि वेग काय सांगतात? साध्या विमानातल्या सहा मुख्य डायलांपैकी तीन हवेच्या दाबावर चालतात आणि तीन जायरोवर. ते सगळे एकाच कारणाने एकदम बिघडत नाहीत. नजर अखंड फिरती ठेवून त्यांपैकी फितूर कोण हे ओळखायचे, आणि ओळखल्यावर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून पुढे जायचे. ही मनाची शिस्त आहे. हजारो तास उडालेल्यालाही ती एखाद्या क्षणी सोडून जाऊ शकते, हे त्या रात्रीने दाखवले.

आणि नेमकी हीच शिस्त घरच्या संगणकावर उत्तम शिकता येते. एक कळ दाबून कृत्रिम क्षितिज बंद पाडता येते. केव्हा पडेल हे संगणकावर सोडताही येते. खऱ्या विमानात ही चैन महाग आणि धोक्याची आहे. भिलाईच्या टेबलावर एका संध्याकाळी दहा वेळा फसता येते, दहा वेळा समुद्रात पडता येते आणि अकराव्यांदा फितूर डायल वेळेवर ओळखता येतो. म्हणून ती परीक्षा खोटी म्हणता येत नाही. तिच्यात डोके खरोखरच तपासले जाते.

भारतीय नियमांना मात्र याने भागत नाही. उपकरण-परवान्यासाठी किमान ४० तासांचा उपकरण-उड्डाणाचा अनुभव लागतो. त्यांपैकी अधिकाधिक २० तास सिम्युलेटरवरचे चालतात, तेही मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे. घरच्या टेबलावरच्या तासांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणींचे नंदिनी गाव भिलाईजवळच आहे आणि तिथे एक धावपट्टीही आहे; पण ज्याला हे तास खरे करायचे, त्याने दुर्गहून नागपूरकडची गाडी धरावी आणि डोंगरगड मागे टाकून गोंदियाला उतरावे हे बरे. तिथे बिरसीला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर आज वैमानिकांची शाळा भरते. टपालाची विमाने ज्या नागपूरकडे रात्री वळत, त्याच दिशेची ही वाट.

नियमांचा हा हट्ट निव्वळ कागदी नाही. टेबलापाशी बसलेल्याचा कान कधीच खोटे बोलत नाही, कारण त्याला बोलायला काही नसतेच. पडद्यावरचे विमान साठ अंशांत कलंडले तरी खोली स्थिर, पंखा डोक्यावर तसाच फिरतो, स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू येते. डायल एक सांगतात आणि सगळे शरीर ओरडून दुसरे सांगते, त्या भांडणात डायलांच्या बाजूने उभे राहण्याची वेळ तिथे येत नाही. टपाल-वैमानिकांच्या वाट्याला ते भांडण रोज रात्री होते. घरचा उत्तीर्ण विद्यार्थी ते पहिल्यांदा अनुभवेल तो गोंदियाच्या आकाशात, डोक्यावर झापड चढवून, शेजारी शिक्षक असताना.

त्याची थोडी चुणूक मात्र घरीच घेता येते, आणि त्याचे साधन बहुधा टेबलासमोर आधीच असते. संगणकाची फिरती खुर्ची. डोळे घट्ट मिटून, पाय वर घेऊन बसायचे आणि घरातल्या कोणाला तरी ती हळूहळू, एकाच वेगाने, अर्धे मिनिट फिरवायला सांगायचे. मग न सांगता अलगद थांबवायला. १९२६ मध्ये ऑकरला विचारलेला प्रश्नच विचारायचा : आता कोणत्या बाजूला फिरतो आहेस? खुर्ची थांबलेली असते, फिरवणारा हात सोडून बाजूला उभा असतो, आणि बसलेला खात्रीने उलट दिशेला बोट दाखवतो.